साठीनंतरची स्मरणशक्ती गावातच तपासली पाहिजे. तुमचं मत काय?

गुरुजी_पुसद
घरातलं म्हातारं माणूस तेच तेच विचारू लागलं की 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण मोकळे होतो. मला हे मान्य नाही. उपकेंद्रात बीपी-शुगर पाहतात तशी साठीपुढच्या प्रत्येकाची स्मरणशक्ती वर्षातून एकदा पाहिली पाहिजे, आणि तीही गावातच. त्यासाठी कोणाला नागपूरला पाठवायची गरज पडू नये.

'लासी-डॅड' या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले. साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. मेंदूविकाराचे तज्ज्ञ मात्र सगळे शहरात.

एखादं नाव पटकन न आठवणं वेगळं, रोजच्या वाटेवर चुकणं वेगळं. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेंदूच्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, आत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो, आणि लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीच हे सुरू झालेलं असतं. पण विसरण्याचं प्रत्येक कारण अल्झायमर नसतं, आणि माझा खरा मुद्दा हाच आहे. मांस-अंडी-दुधातून मिळणारं बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉईड बिघडलं, पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साचलं, जोडीदार गेल्यावर मन खचलं, तरी माणूस असाच वागतो. यातलं बरंच उपचारानं सुधारतं. माळकरी घरात, जिथं दूधही जेमतेम येतं, तिथं बी-१२ची तपासणी कधी झालेली असते का? सुधारू शकणारी माणसं आपण 'वय झालं' म्हणून सोडून देतो.

कास्तकार_घाटंजी
गुरुजी, मले पटलं नायी. तपासून कराचं काय? या बिमारीवर औषध हाय का? अमेरिकेत निघालं म्हणतेत, ते आमच्या गावात येईन का?

आन् दुसरी गोष्ट कोणी बोलत नायी ते मी बोलतो. एकदा कागदावर 'डोस्कं गेलं' लिवलं की पोरं तलाठ्याकडे धावतेत. वावर नावावर हाय ना! आमच्या बाजूच्या गावात बुढ्याचा अंगठा घेऊन बक्षीसपत्र झालं. आता बुढा देवळाच्या ओट्यावर जेवते. तुमच्या तपासणीनं असे बुढे वाढतीन.

गुरुजी_पुसद
औषधाचं तुम्ही बरोबर बोललात, भाऊ. लेकानेमॅब हे अल्झायमरवरचं इंजेक्शन अमेरिकेत २०२३ साली पूर्ण मंजूर झालं. १८ महिन्यांच्या चाचणीत त्यानं स्मरणशक्तीची आणि रोजच्या कामांची घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. घसरण थांबली नाही, फक्त मंदावली. तेही अगदी सुरुवातीच्या रुग्णांत. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, आणि मेंदूला सूज येते का, रक्तस्राव होतो का हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय. त्याची वाट बघा असं मी म्हणतच नाही.

मी म्हणतो ते स्वस्त आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली डिमेन्शियाची १४ कारणं दिली. आयुष्यभर ती आवरली तर जगातला जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज. त्यात बीपी आहे, शुगर आहे, बहिरेपण आहे, अधू नजर आहे, एकटेपण आहे. यातलं काय आपल्या तालुक्यात होत नाही?

आता वावर. पोरांना अंगठाच घ्यायचा असेल तर ते डॉक्टरच्या कागदासाठी थांबत नाहीत. उलट भानावर नसलेल्या माणसाकडून करून घेतलेला व्यवहार कोर्टात पाडायचा असेल तर त्या वेळचा वैद्यकीय कागदच उपयोगी पडतो. आणि सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून दिली, मग सांभाळलं नाही, तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातल्या कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. अर्ज एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे.

कास्तकार_घाटंजी
ज्याले घराची वाट सापडत नायी तो एसडीओचं ऑफिस कसं सापडवीन, गुरुजी? कायदा पुस्तकात हाय. बुढ्याच्या बाजूनं उभं कोन राहीन ते सांगा.

निवृत्त_वरुड
मला हा सगळा शहरी बाऊ वाटतो. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत मोठा अभ्यास झाला, २००१ साली छापून आला. अल्झायमरचं प्रमाण जगात नोंदलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी निघालं. कष्टाची कामं, साधं जेवण, भरलेलं घर. शिवाय हैदराबादला २०१३ साली सुवर्णा अल्लडी यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. दोन भाषा बोलणाऱ्यांना डिमेन्शिया सरासरी साडेचार वर्षं उशिरा आला, शाळा न शिकलेल्यांनाही. आपल्याकडे तर वऱ्हाडी, हिंदी, गोंडी, तेलुगू असं सगळं चालतं. निसर्गानं दिलेलं आहे, उगाच म्हाताऱ्यांना घाबरवू नका.

धारणीकर
काका, दोन्ही अभ्यास खरे आहेत, पण तुम्ही अर्धे सांगितले. बल्लभगढच्या संशोधकांनीच लिहिलंय की तिथं आयुर्मान कमी आणि आजार झाल्यावर माणूस लवकर जातो, हीही कारणं असू शकतात. त्यानंतर आयुर्मान वाढलंय आणि लासी-डॅडचे आकडे वर आहेतच. हैदराबादच्या अभ्यासात उशिरा आला म्हणजे आला नाही असं नव्हे. ते सगळे रुग्णच होते.

माझी अडचण वेगळी आहे. तपासणी करायची कशानं? दवाखान्यात वापरतात ती ३० गुणांची एमएमएसई नावाची स्मरणशक्तीची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. १०० मधून ७ वजा करत जा, वाक्य लिहा, एकात एक अडकलेले दोन पंचकोन काढा. मेळघाटातल्या ज्या कोरकू आजीनं जन्मात पेन्सिल धरली नाही ती पहिल्याच झटक्यात 'रोगी' ठरते. तीच आजी रानातली चाळीस झाडं नावानिशी दाखवते आणि कोणतं कशावर चालतं तेही सांगते. बल्लभगढला निरक्षर लोकांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवली होती. कोरकू आणि गोंडीत अशी चाचणी आधी बसवा, चार गावांत वापरून बघा, मग तपासणीचं बोला. घाई केली तर चांगल्या माणसांवर शिक्के बसतील.

आशाताई_दर्यापूर
गुरुजी, प्रश्न आधीच आहे आमच्याकडे! तिशीपुढच्यांचा जो सीबॅक नावाचा आरोग्य-तपासणीचा फॉर्म आम्ही घरोघरी भरतो त्यात साठीपुढच्यांना विचारायचं असतं: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? मी विचारते. आजी म्हणते, "मी काहून इसरीन?" मी 'नाही'वर खूण करते. मागं चुलीपाशी बसलेली सून हातानं खुणावते की हो, विसरते. फॉर्ममध्ये सुनेला रकाना नाही.

आणि समजा 'हो'वर खूण केली, तर पुढं काय? पाठवायचं कुठं, कोणत्या वारी, कोण बघणार, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. आजीला एसटीनं तालुक्याला नेलं आणि डॉक्टर म्हणाले 'वय झालं', तर दुसऱ्यांदा ती माझ्यासाठी दार उघडत नाही. आणखी एक काम आमच्याच डोक्यावर टाकायच्या आधी याचा विचार करा.

गुरुजी_पुसद
ताई, सुनेच्या रकान्याचं फार मोलाचं बोललात. ज्याला विसर पडतो त्याला आपण विसरतोय हे बहुतेक वेळा कळत नाही. म्हणूनच '१०/६६' नावाच्या आंतरराष्ट्रीय संशोधक गटानं गरीब देशांसाठी जी पद्धत बसवली तिच्यात घरच्या माणसाची मुलाखत असतेच. त्या नावाचा अर्थही ऐका: गट निघाला तेव्हा डिमेन्शियाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत होते, आणि तिथल्या माणसांवरचं संशोधन १० टक्क्यांहून कमी. धारणीकरांच्या अडचणीवरही थोडं उत्तर यातच आहे. सुनेला पंचकोन काढायला सांगावा लागत नाही.

थोरली_सून
इतका वेळ वाचत होते. माझे सासरे सहा वाजले की विचारतात, "बैल बांधले का?" बैल विकून बरीच वर्षं झाली, गोठ्यात आता सोयाबीनची पोती आहेत. आधी मी सांगायची, बाबा, बैल नाहीत. मग ते चिडायचे, रडायचे, काठी घेऊन वावराकडे निघायचे. आता म्हणते, "बांधले बाबा, कुटार टाकलं." ते 'बरं' म्हणून बसतात. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. रात्री दोनला उठून कडी काढतात, म्हणून मी दाराला खाट लावून झोपते.

तपासणी झाली आमची. बी-१२ बघितलं, थायरॉईड बघितलं, सीटी स्कॅन केला. अल्झायमर आहे म्हणाले. त्यानंतर आमच्या घरात काय बदललं? एकच: धाकटे दीर आधी म्हणायचे 'वहिनी नीट बघत नाही', ते बंद झालं. माझ्यासाठी तेही थोडं नव्हतं. पण कापूस वेचणीचे दिवस आले की वावरात जाऊ की बाबांपाशी बसू, याचं उत्तर कोणत्याच कागदावर नव्हतं. तुम्ही सगळे तपासणी हवी की नको यावर भांडताय. मला दुपारी चार तास कोणीतरी बाबांपाशी बसणारं हवं आहे. अंगणवाडीत लेकरं सांभाळतात ना? मग म्हाताऱ्यांसाठी एक खोली का नको?

कास्तकार_घाटंजी
ताई, हे मले पटलं. असं काही असीन तर तपासणीले माही ना नायी. पन खोली आधी, फॉर्म मंग.

गुरुजी_पुसद
मी तपासणीवरून हटत नाही, भाऊ. खोलीची वाट बघत बसलो तर बी-१२च्या इंजेक्शनानं सुधारणारी बाई तोवर हातची जाईल. पण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडताना ताईंची मागणी तपासणीच्या बरोबरीनं ठेवतो: समाजमंदिराची रिकामी खोली, दुपारी बारा ते चार, निदान वेचणीच्या हंगामात. शिवाय घरच्या माणसाला विचारायचे प्रश्न, ग्रामीण रुग्णालयात ठरलेला एक वार आणि त्या दिवशी बी-१२, थायरॉईड, कान, डोळे.

आशाताई_दर्यापूर
ठरावात आशाच्या कामाचा मोबदला आणि खोलीत बसणाऱ्या बाईचा पगारही लिहा, गुरुजी. आकड्यासकट. नाहीतर ती बाई म्हणजे मीच असणार.