शब्दचर्चा : ‘स्टेल पॉइंटर’ला ‘शिळा पॉइंटर’ म्हणावे काय?

प्रश्न

यूईएफआय फर्मवेअरच्या (संगणक सुरू करून ऑपरेटिंग सिस्टीमकडे सोपवणाऱ्या आज्ञावलीच्या) रनटाइम ड्रायव्हरांतील, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू झाल्यावरही वापरात राहणाऱ्या ड्रायव्हरांतील, दोष कसे हुडकावेत, यावर मी मराठीत टिपण लिहीत आहे. पॉइंटर म्हणजे स्मृतीतील जागेचा साठवलेला पत्ता; तो जुना पडून चुकीचा ठरला की ‘स्टेल पॉइंटर’. त्यासाठी ‘कालबाह्य’, ‘मुदतबाह्य’ आणि ‘शिळा’ असे तीन शब्द समोर आहेत. ‘डँगलिंग पॉइंटर’ (ज्याच्या पत्त्यावरची स्मृतीच हातची गेली आहे असा)ही त्याच शब्दात सामावून घ्यावा की त्याला वेगळा शब्द द्यावा, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

‘शिळा’ हाच शब्द घ्यावा आणि ‘डँगलिंग’ला त्यात मुळीच सामावून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ‘कालबाह्य’ आपण चलनातून गेलेल्या रूढीला किंवा तंत्राला म्हणतो. ‘मुदतबाह्य’ औषधाला शोभतो, कारण त्यावर तारीख आधीच छापलेली असते. पॉइंटरला अशी तारीख नसते. तो एका विशिष्ट घटनेपर्यंत बिनचूक असतो आणि त्या घटनेनंतर, स्वतः जराही न बदलता, चुकीचा ठरतो.

रनटाइम ड्रायव्हरांत ही घटना नेमकी दाखवता येते. ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’ (फर्मवेअरच्या फक्त सुरू होण्यापुरत्या सेवा संपवणारे फंक्शन) झाल्यानंतर ऑपरेटिंग सिस्टीम ‘सेट व्हर्च्युअल ॲड्रेस मॅप’ हे फंक्शन बोलावू शकते, तेही एकदाच. तोवर ड्रायव्हर भौतिक पत्त्यांवर (स्मृतीतील प्रत्यक्ष जागांच्या पत्त्यांवर) चालत असतो. तेथून पुढे त्याला आभासी पत्त्यांवर (ऑपरेटिंग सिस्टीमने नेमून दिलेल्या पत्त्यांवर) चालायचे असते. या बदलाची सूचना ड्रायव्हरांना मिळते, आणि साठवून ठेवलेला प्रत्येक पॉइंटर ‘कन्व्हर्ट पॉइंटर’ या फंक्शनने बदलून घेणे ही ज्याची त्याची जबाबदारी असते. ड्रायव्हरच्या प्रतिमेतील (स्मृतीत चढवलेल्या प्रोग्राम फाइलीतील) मूळचे पत्ते फर्मवेअर स्वतः सुधारते, परंतु ईडीके २ मध्ये (यूईएफआयच्या मुक्तस्रोत अंमलबजावणीत) जे मूल्य चालू असताना बदलले गेले आहे ते सोडून दिले जाते. मागून मागवलेल्या स्मृतीतील पॉइंटरांकडे तर कोणीच पाहत नाही. असा एखादा निसटला की तो शिळा. स्मृती जागच्या जागी आहे, तिच्यातील माहितीही शाबूत आहे, फक्त पत्ता आधीच्या व्यवस्थेतला आहे.

‘डँगलिंग’ची गोष्ट निराळी. ड्रायव्हरने बूट सर्व्हिसेस प्रकारची (फक्त सुरू होण्याच्या काळापुरती राखलेली) स्मृती मागवली आणि तिचा पत्ता जपून ठेवला, तर ‘एक्झिट बूट सर्व्हिसेस’नंतर ती जागा ऑपरेटिंग सिस्टीमची होते. पॉइंटरखालचा आधारच गेलेला असल्याने त्याला ‘अधांतरी पॉइंटर’ म्हणावे. हा भेद प्रत्यक्ष शोधकामात उपयोगी पडतो. लिनक्समध्ये सुरू होताना ‘ईएफआय=डीबग’ (efi=debug) हा पर्याय देऊन स्मृतीचा नकाशा छापून घ्यावा आणि ज्या पत्त्यावर दोष उद्भवला तो नकाशात कुठे पडतो ते पाहावे: रनटाइम सर्व्हिसेस डेटाच्या प्रदेशात पडला तर पॉइंटर बहुधा शिळा, बूट सर्व्हिसेस डेटाच्या प्रदेशात पडला तर अधांतरी. पहिल्याची दुरुस्ती सूचना हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये होते, दुसऱ्याची स्मृती मागवली त्या ओळीत.

आक्षेप

‘शिळा’ म्हणजे दगडही. शिवाय तांत्रिक लेखनात हा शब्द फारच स्वयंपाकघरातला वाटतो.

आक्षेपास उत्तर

दगड या अर्थाची ‘शिळा’ स्त्रीलिंगी नाम आहे आणि तिचे ‘शिळेचा’, ‘शिळेवर’ असे होते; विशेषणाचे मात्र ‘शिळ्या पॉइंटरने’, ‘शिळे पॉइंटर’ असे होते, त्यामुळे वाक्यात गोंधळ उरत नाही. स्वयंपाकघरातली अर्थच्छटा तर मला मोलाची वाटते. शिळी भाकरी खाता येते, म्हणूनच ती शिळी आहे हे पुष्कळदा लक्षात येत नाही. ६४ बिटी एक्स८६ प्रोसेसरांवर लिनक्स रनटाइम प्रदेशांची आभासी मांडणी करतेच, पण सदोष फर्मवेअर सांभाळून घेण्यासाठी भौतिक पत्ते जसेच्या तसे चालतील अशी दुसरी मांडणीही ठेवते. तेथे न बदललेला पॉइंटर निमूट काम करत राहतो आणि अशी सवलत न देणाऱ्या व्यवस्थेवर तोच ड्रायव्हर कोसळतो. म्हणून एका ऑपरेटिंग सिस्टीमवर चाचणी उतरली एवढ्यावरून शिळा पॉइंटर नाही असे टिपणात लिहू नये. एआरएम६४ प्रोसेसरांवर लिनक्सला ‘ईएफआय=नोव्हामॅप’ (efi=novamap) हा पर्याय दिल्यास पत्ते बदलण्याची पायरीच वगळली जाते; त्याने कोसळणे थांबले तर संशय या पायरीवर पक्का होतो.

पुरवणी

टिपणात क्रमाचाही उल्लेख असावा. सूचना हाताळणारे फंक्शन चालू असताना आभासी मांडणी लागू झालेली नसते. डेटा-रचनेचा (स्ट्रक्चरचा) बाहेरचा पॉइंटर आधी बदलला, तर त्यातून आत शिरून आतले पॉइंटर बदलता येत नाहीत. म्हणून आतून बाहेर यावे. एकच पॉइंटर दोन ठिकाणांहून बदलू पाहिला, तर दुसऱ्या वेळी तो पत्ता नकाशात सापडत नाही आणि ‘नॉट फाउंड’ असे उत्तर येते. त्या पॉइंटरला शिळाही म्हणू नये आणि अधांतरीही. ‘दुबार बदललेला’ असे सरळ लिहावे.