रोज नवा व्यायाम? आधी एक स्विंग तरी धड करा

सोळाचीबेल
काल इथे एका सभासदाने लिहिलं, की केटलबेलचे, म्हणजे वर मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याचे, तीस प्रकार शिका, रोज वेगळा करा, 'शरीराला सवय लागू देऊ नका'. खाली धडाधड अंगठे पडले. मला राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय.

शरीराला सवय लागलीच पाहिजे. सवय लागणं म्हणजेच शिकणं. पुण्यात तळजाई टेकडीवर दर रविवारी बघतो, पोरं सोळा किलोची बेल घेऊन येतात, स्विंगच्या नावाखाली उठाबशा काढतात आणि वर येताना खांद्यांनी ओढतात. स्विंग म्हणजे बैठक नव्हे. खुब्यातून मोडायचं, कुल्ले मागे, नडगी जवळपास उभी, पाठ सरळ. बेल मांड्यांच्या मधून गुडघ्यांच्या वरूनच मागे गेली पाहिजे. मग खुबे झटक्यात पुढे, आणि हात म्हणजे नुसते दोर. बेल गुडघ्याखाली लोंबली की ओढ थेट कंबरेवर येते.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मीही सोमवारी स्नॅच (बेल एका झटक्यात डोक्यावर नेणं), मंगळवारी विंडमिल (बेल डोक्यावर धरून बाजूला वाकणं), बुधवारी आणखी काहीतरी करायचो. पाच वर्षांपूर्वी ऐन गणपतीत कंबर धरली. आठ दिवस बायकोने मोजे घालून दिले. फिजिओबाईंनी भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "गुडघे पुढे न नेता कुल्ले भिंतीला टेकवा." मला ते जमेना. एवढं जमत नसताना मी डोक्यावर स्नॅच मारत होतो!

ज्यांनी अमेरिकेत केटलबेल लोकप्रिय केली त्या पावेल त्सात्सुलिन यांचा गाजलेला कार्यक्रम दोनच व्यायामांचा आहे, १०० स्विंग आणि १० टर्किश गेट-अप (आडवं पडून, बेल एका हाताने वर धरून उभं राहणं). रशियन स्पर्धेत १० मिनिटं एकच प्रकार चालतो, स्नॅचमध्ये हात फक्त एकदा बदलता येतो. ते लोक काय मूर्ख आहेत?

रोजनवं
तो 'एक सभासद' मीच. नाव घेऊन बोलला असतात तरी चाललं असतं.

माझं वय ४४. हिंजवडीला जाऊन-येऊन रोजचे तीन तास रस्त्यात जातात, पावसाळ्यात चार. दर वर्षी नवा पूल, नवं वळण, नवा सिग्नल, आणि आम्ही आहोत तिथेच. असा पिळून आलेला माणूस रात्री नऊ वाजता सलग तीन महिने तोच स्विंग करेल असं तुम्हाला खरंच वाटतं? आमच्या सोसायटीच्या जिममध्ये जानेवारीत नंबर लावावा लागतो, मार्चमध्ये दिवा मीच लावतो आणि मीच बंद करतो. मी स्वतः तीनदा व्यायाम सोडलाय. या वेळी दीड वर्ष टिकलो ते रोज काहीतरी नवं असतं म्हणून. तुमच्या शुद्ध स्विंगपेक्षा माझा अशुद्ध व्यायाम बरा, कारण तो होतो तरी.

मुद्गलजोडी
दोघांचंही चुकतंय. मुळात ही लोखंडी किटली हवीच कशाला? १९२४ साली कॅप्टन दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं, त्याच्याही आधीपासून पेठापेठांत तालमी आहेत. पुण्याला व्यायाम रशियाकडून शिकायची वेळ आली का?

आमचे आजोबा शुक्रवार पेठेतल्या तालमीत पहाटे साडेचारला हौद्यात उतरायचे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती. जोर, बैठका, मग मुद्गल, म्हणजे खांद्यावरून फिरवायची जड लाकडी जोडी. नाल कोणी बघितलाय इथे? जाड दगडी चाक, आत कोरलेली मूठ. तीच तुमची केटलबेल. मुद्गल तर इंग्रजांनी इथून उचलले आणि १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धा झाली. आपल्याकडे मात्र जोडी माळ्यावर धूळ खातेय आणि बेल ऑनलाइन मागवतात.

कर्वेनगरवाली
मुद्गलजोडी काका, एक विचारते. तुमच्या आजोबांच्या त्या तालमीत माझ्या आजीला उंबरा ओलांडू दिला असता का?

मी सांगते. बारा वर्षांपूर्वी मी पेठेतल्या एका तालमीत मुद्गल शिकायला मिळेल का विचारायला गेले होते. दारातल्या माणसाने मला चपला काढायच्या आधीच सांगितलं, "ताई, इथे बायका येत नाहीत, योगाचा क्लास पलीकडे आहे." तो उद्धट नव्हता हो, त्याला ते साधंच वाटत होतं. मी घरी येऊन ८ किलोची बेल मागवली. आज १६ च्या बेलने गेट-अप करते, माझ्या गॅलरीत, जिथे वाळत घातलेले कपडे बाजूला सारावे लागतात. त्या लोखंडी किटलीने मला आत घेतलं. परंपरेने नाही.

मुद्गलजोडी
एका माणसाच्या वागण्यावरून सगळ्या तालमी वाईट ठरवू नका. आज मुली कुस्तीत पदकं आणतायत, मल्लखांबावर तर त्या मुलांच्या पुढे आहेत.

कर्वेनगरवाली
आज. आणि तेही मुलींनी दार ठोठावलं म्हणून. मला पंचविशीत हवं होतं ते.

खालचामजला
विषय निघालाच आहे तर बोलतो. आमच्या वरचा माणूस पहाटे पावणेसहाला बेल फरशीवर *आपटतो*. ठेवत नाही, आपटतो. आईची रात्रीची झोप तीन तासांची, तीही मोडते. दोनदा नम्रपणे सांगितलं, तर म्हणतो "आरोग्याची सवय आहे". खाली जुनी गादी टाकायला काय जातं?

सोळाचीबेल
खालचामजला, तुमचं शंभर टक्के बरोबर. बेल ठेवणं हासुद्धा व्यायामाचाच भाग आहे, शेवटच्या स्विंगनंतर ती मागे नेऊन पाठ सरळ ठेवत टेकवायची. आपटतो त्याला अजून स्विंग येत नाही. त्याला हा धागा दाखवा.

मुद्गलजोडी, तुम्ही तर माझंच म्हणणं मांडलंत. तुमचे आजोबा वर्षानुवर्षं तेच जोर आणि त्याच बैठका काढत होते ना? वस्ताद रोज नवीन शोधून देत होते का?

मुद्गलजोडी
तेच जोर, पण त्यात साधे, हनुमानी, एकपायी. बैठकांनंतर मुद्गल, शनिवारी दोरावर चढणं. आणि हो, नव्या पोराला आधी कित्येक महिने फक्त साधे जोर, मुद्गलाला हात लावू देत नसत. आता यावरून तुम्ही जिंकलात असं लिहू नका.

रोजनवं
म्हणजे बदल होताच! लिहा की मग तसं.

सोळाचीबेल
होता. साधे जोर पक्के झाल्यावर. बदलाला माझा विरोध कधीच नव्हता, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. एक तर वजन, नाहीतर संख्या, नाहीतर मधली विश्रांती. दोन हातांनी जमलं की एका हाताने. मग क्लीन, म्हणजे बेल खांद्यापाशी आणणं, आणि तिथे कोपर अंगालगत ठेवा, बेल मनगटावर आदळत असेल तर ती लांबून गोल फिरतेय. स्नॅच सगळ्यात शेवटी.

आणि एक कबूल करतो, कारण खोटं बोलवत नाही. गेल्या हिवाळ्यात मी रोज एकाच हाताचे स्विंग धरून बसलो आणि उजव्या तळहाताचा घट्टा मुळापासून सोलून निघाला. भाकरी मोडता येईना. आता आंघोळीच्या वेळी वज्रीने घट्टे घासतो, मूठ तळव्यात न घेता बोटांच्या मुळाशी धरतो आणि आठवड्यातले दोन दिवस बेलला हात लावत नाही, पर्वती चढतो.

कर्वेनगरवाली
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर निम्मं भांडण वाचलं असतं. रोजनवं दादा, तुमचंही खरंच आहे, कंटाळ्याने सोडण्यापेक्षा बदल बरा. पण एकदा बाजूने व्हिडिओ काढून बघा. मी काढला तेव्हा रडू आलं होतं.

मुद्गलजोडी
कर्वेनगरवाली, माझ्याकडे तीन किलोची हलकी जोडी आहे, सागवानी. शिकायची असेल तर नातीबरोबर शिकवतो. ती शनिवारी सकाळी येते. तालमीबद्दलचं माझं मत आहे तेच आहे.

कर्वेनगरवाली
माझंही. शनिवारी किती वाजता?

रोजनवं
काढला व्हिडिओ. मोबाइल डब्याला टेकवून, बाजूने. गुडघे पुढे जातात, बेल पार नडगीपर्यंत खाली येते. भिंतीपाशी उभा राहून बघितलं, चौथ्या वेळी टेकलं. व्हिडिओ इथे टाकणार नाही. तीन आठवडे फक्त स्विंग करतो, सोमवार ते बुधवार. गुरुवारचा नवा प्रकार मात्र सोडणार नाही, तो गेला तर मीही जाईन.