रब्बी मका : तीनच पाणी होतील, युरिया कधी टाकू?

वावरवाला, चिखली
सोयाबीन निघाल्यावर दोन एकर मका टोबला. जमीन भारी काळी. पीक गुडघ्याच्या वर गेलं, रंगही बरा आहे. पेरताना एकरी एक बॅग डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दिली, युरिया अजून नाही. विहीर आटत चालली, मोटर दीड तासात हवा ओढते. फार तं तीन पाणी होतील. मागच्या साली भुट्टे दिसायले मोठे होते, पण सोलले तं शेंड्याकडं चार बोटं दाणाच नाही. दुकानदार म्हणते युरिया वाढवा. काहून वाढवू, ते तं कोणी सांगत नाही.

काळीमाती, मोताळा
भाऊ, ते काम बहुतेक पाण्याचं आहे, खताचं नाही. तुऱ्याच्या (झाडाच्या डोक्यावरच्या नर फुलोऱ्याच्या) वेळी पाण्याचा ताण बसला की कणसाचे केस उशिरा निघतात, तोवर पराग झडून जातो. कणसाच्या शेंड्याचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात, म्हणून मार तिथं बसतो. जो दाणा बसलाच नाही तो युरियानं भरन कसा?

एक पाणी आता द्या, एक तुरा-केसाच्या वेळी, एक दाण्यात चीक भरताना. कमी पडलंच तं दुसरं कोणतंही सोडा, तुऱ्याचं नाही.

शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र-स्फुरद-पालाश, म्हणजे एकरी ४८ किलो नत्र. डीएपीतून ९ गेलं. उरलं ३९, त्याला युरिया ८५ किलो लागते, ४५ किलोच्या दोन बॅगांहून थोडा कमी. अर्धा या पाण्यासंगं, अर्धा तुरा निघायच्या जरा आधी.

ओलितवाला, मेहकर
हिशेब बरोबर, पण पाण्याचा भरोसा नसताना पूर्ण डोस कशाला? पहिला हप्ता द्या, दुसरा विहीर पाहून. अन् फोकून देऊ नका. ओळीच्या बाजूनं टाका, डवऱ्यानं (बैलाच्या कोळप्यानं) झाका, मागं पाणी सोडा. आपल्या चुनखडीच्या जमिनीत वर पडलेला युरिया वायू होऊन उडते. पाणी एक आड एक सरी दिलं तरी चालते. रात्रीच्या लाईनवर सगळ्या सऱ्या भरत बसणं तसंही कोणाले जमते!

वावरवाला
एक आड एक सरी दिली तं पाणी भेगातच जाईन ना? माह्या वावरात बोट जाते अशा भेगा आहेत.

ओलितवाला
म्हणून तं आधी डवरा. माती भेगात पडते अन् युरियाही झाकल्या जाते. पण उद्या-परवाच घ्या, कंबरेएवढा झाला की बैल आत घालता येत नाही.