मदत हवी आहे: मंडलाची शेवटची पाकळी दर वेळी बसतच नाही

शाईचा_डाग: मंडला काढतेय, म्हणजे मधोमध फूल आणि त्याभोवती पाकळ्यांचे गोल वळसे. मधलं फूल छान येतं, दुसरा वळसाही बरा जातो. तिसऱ्यात फिरून सुरुवातीपाशी आले की शेवटच्या पाकळीला जागाच उरत नाही. एकदा उलट जास्त उरली, तिथे दीड पाकळी कोंबली, ती लगेच डोळ्यात खुपते. आज चौथा कागद वाया गेला. परवा भेट द्यायचंय, जरा लवकर सांगा.

कर्कटक: पाकळ्या किती? आधी पेन्सिलीने आखता की थेट पेन? फोटो डकवा.

काळीरेघ: पेन कोणता वापरता? जेल पेनाची शाई ओली राहते, हात लागला की पसरते आणि पाकळी फुगते. मी पिग्मा मायक्रॉन ०१ वापरते, रेघ ०.२५ मिमीची. बाहेरच्या कडांना ०५. खोडरबर मात्र शाई पूर्ण वाळल्यावरच.

शाईचा_डाग: पेनाचा प्रश्न नाहीये हो. वर्तुळं आखलेली आहेत, पाकळ्या सोळा. फोटो आत्ता जमणार नाही.

मोकळाहात: आखणी सोडून द्या. झेंटँगल नावाच्या नक्षीच्या पद्धतीत साडेतीन इंची चौकोनी कागदावर पेन्सिलीची एक पुसट रेघ मारतात आणि तिच्या आधाराने पेनाने नक्षी भरत जातात. खोडरबर नसतोच. चुकलेली रेघही पुढच्या नक्षीत सामावून घ्यायची. मोजमापाने हात आखडतो, हा माझा अनुभव आहे.

कर्कटक: तिथे नक्षी फिरून पहिल्या जागी येऊन मिळायची नसते, म्हणून चालतं. इथे मिळावीच लागते.

मोकळाहात: मी दोन वर्षं नुसत्या नजरेने मंडला काढतोय. समोरासमोरच्या पाकळ्या आधी काढायच्या, मग मधल्या. कागद फिरवायचा, हात नाही. बसतं बरोबर.

कर्कटक: समोरासमोरचं पटलं. पण सोळाचा वळसा नजरेने घ्या, हे नवशिक्याला सांगू नका. धागाकर्त्या ताई, सोळा भाग नेमके कसे पाडता?

शाईचा_डाग: कोनमापक ठेवून २२.५ अंशांवर खूण, मग कोनमापक त्या खुणेवर फिरवून पुन्हा २२.५. असंच सोळा वेळा.

कर्कटक: सापडलं! दर खुणेत अर्धा अंश जरी चुकला तरी सोळा खुणांत आठ अंश होतात, म्हणजे पाकळीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग. सगळी चूक साठत जाऊन शेवटच्या पाकळीवर येते. कोनमापक एकदा ठेवला की हलवू नका, सगळ्या खुणा एकाच शून्यापासून करा. किंवा दोन काटकोनी व्यास घ्या, कोन दुभागा, आठ झाले, परत दुभागा, सोळा.

काळीरेघ: टॅबलेटवर सममितीचं टूल असतं, एक पाकळी काढली की बाकीच्या आपोआप येतात.

शाईचा_डाग: कागदावरच द्यायचंय. @कर्कटक, दुभागून केलं, सोळाच्या सोळा बसल्या! पण आता टोकं मधल्या फुलाशी जुळत नाहीत. एकीकडे पाकळीवर येतात, दुसरीकडे फटीत.

कर्कटक: मधलं फूल किती पाकळ्यांचं?

शाईचा_डाग: पाच. नेहमीचं फूल.

कर्कटक: हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. पाचाभोवती सोळा कधीच जुळणार नाहीत. पाच, दहा, वीस असंच वाढवा. ०, ७२, १४४, २१६, २८८ या खुणा करा, कोन एकदा दुभागले की ३६ अंशांचे दहा, पुन्हा दुभागले की १८ चे वीस.

मोकळाहात: त्यापेक्षा सहाचं फूल घ्या. कर्कटक त्रिज्येइतकंच उघडं ठेवून वर्तुळावर फिरवलं की बरोबर सहा वेळा बसतं. कोनमापक लागतच नाही.

शाईचा_डाग: फूल बदलणार नाही, जिला द्यायचंय तिला तेच आवडतं.

शाईचा_डाग: वीस काढल्या. शेवटची बसली, टोकंही जुळली! खूप आभार. पण मागच्या पाकळ्यांच्या रेघा पुढच्यांमधून आरपार जातायत.

काळीरेघ: पुढच्या आधी शाईने पूर्ण करा. मागची पाकळी दोन पुढच्या पाकळ्यांमधल्या फटीतून सुरू करायची, त्यांच्या कडेला रेघ टेकली की पेन उचलायचा.

शाईचा_डाग: अच्छा, मी मागच्या आधी काढत होते. नवा कागद घेते.