फळांचे चहा आणि गवती चहा: कपात खरंच काय उतरतं?

पाचपाखाडी

डब्यावर स्ट्रॉबेरी छापलेली असो, पीच असो की मिश्र बेरी, बिनदुधाच्या फळांच्या चहात बहुतेक वेळा एकच चव हाती लागते: लाल अंबाडीच्या बोंडांचा आंबटपणा. डबा उलटा करून घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. सुरुवातीला हिबिस्कस, सफरचंदाचे तुकडे, रोझहिप (रानगुलाबाचं फळ) अशी नावं असतात. ज्या फळाचं चित्र पुढे मोठं काढलंय ते पार शेवटाकडे, आणि त्याच्या जोडीला ‘फ्लेवर’. हे हिबिस्कस म्हणजे दारातली जास्वंद नव्हे, लाल अंबाडीच्या बोंडांवरची मांसल सालं.

आमच्या इमारतीतल्या काही जणांनी मिळून हे सगळं शेजारी शेजारी मांडून चाखलं. व्यावसायिक चाखणाऱ्यांसाठी ठरलेलं प्रमाण (आयएसओ 3103) घेतलं: 100 मिलिलिटर उकळत्या पाण्याला 2 ग्रॅम, वर झाकण, 6 मिनिटं, मग गाळायचं. दूध नाही, साखर नाही. ताज्या पातीत बरंचसं पाणीच असतं, म्हणून गवती चहा तेवढा चौपट, 8 ग्रॅम. घोट आवाज करत ओढायचा, म्हणजे वास घशाच्या मागून नाकापर्यंत चढतो. घरात मोठी माणसं या आवाजावर रागावतात, पण चव कळायला तो लागतोच.

पीचचा चहा नाकाला फार छान लागला आणि तोंडात गेल्यावर काहीच उरलं नाही. बेरीचा रंग पाहून मुलं खूश, घोट घेतल्यावर सगळ्यांचे डोळे मिटले, इतका आंबट. अननसाच्या चहाला गोळीचा वास. लिंबाचा वास दिलेला काळा चहा बरा वाटला, कारण त्यात चहाची स्वतःची तुरट बैठक होती. सुक्या गवती चहाच्या पिशवीला वाळल्या गवताचा वास जास्त, लिंबाचा कमी. आणि गावदेवी मंडईतून त्याच सकाळी आणलेल्या जुडीचा कप: आधी वास, मग जिभेवर हलकी गोडसर हिरवी चव, शेवटी घशाशी किंचित झणका. जे नाकाने सांगितलं तेच जिभेला मिळालं.

माझं म्हणणं एवढंच की चव पदार्थातून आली पाहिजे. वरून ओतलेला वास कितीही सुंदर असला तरी तो कपाला आधार देत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा.

रात्रपाळी, ऐरोली

मत पूर्ण वेगळं आहे. तुम्ही फळांच्या चहाला अशा अटींवर बसवलंत की तो नापासच होणार.

फळाचा वास आणि गोडी आपल्या डोक्यात जोडलेली असते. आंबा, पीच, स्ट्रॉबेरी, यांतलं कुठलंही फळ आपण बिनगोडाचं खात नाही. गोडी काढून घेतली की उरलेला वास पोकळ वाटणारच. त्याच पीचच्या कपात अर्धा चमचा साखर घालून पाहा, ‘काहीच उरलं नाही’ हे वाक्य तुम्हाला लिहिता येणार नाही. गवती चहाचा वास गोडीवर अवलंबून नाही, म्हणून तो बिनसाखरेच्या परीक्षेत पुढे गेला.

दुसरं, हे चहा गरमच का? दुप्पट कडक काढायचा, गार करायचा, बर्फ आणि चिमूटभर काळं मीठ. मे महिन्यात ऐरोली स्टेशनवरून चालत घरी आल्यावर बेरीचा तो लाल आंबट ग्लास काय करतो हे अनुभवायला हवं. तो आंबटपणा गारव्यात दोष राहत नाही.

तिसरं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. मी रात्रपाळी करते. पहाटे घरी जाऊन झोपायचं असतं. नेहमीचा चहा प्यायला की कॅफिन झोप उडवतं. अंबाडी, सफरचंद, रोझहिप यांत कॅफिन नाही. ऑफिसच्या पॅन्ट्रीत रात्री तीनला गवती चहाची ताजी जुडी कोण आणून देणार? फक्त काळ्या चहाला फळाचा वास दिलेला असेल तर त्यात कॅफिन असतंच, हे नव्याने पिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. डबे शेजारी शेजारी असतात आणि चित्रं सारखीच.

पाचपाखाडी

कॅफिनचा मुद्दा मान्य, त्याबद्दल माझा वाद नव्हताच. पण साखर, बर्फ, काळं मीठ घातल्यावर ते सरबत झालं. सरबतच प्यायचं तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकम आहे की. त्यात फळाचा आंबटपणा फळाचाच असतो. नाव कोकमाचं आणि चव अंबाडीची, असा प्रकार तिथे नाही.

वऱ्हाडी_खारघर

अंबाडीला तुम्ही सगळ्यांनी मिळून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय, ते मला पटलेलं नाही.

आमच्याकडे विदर्भात अंबाडीच्या फुलांचं सरबत करतात, चटणी करतात, मुरांबा करतात. तो आंबटपणा चिंचेसारखा जड नसतो आणि लिंबासारखा टोचतही नाही. रंग तर कुठल्याही बेरीला लाजवील असा. दोष अंबाडीचा नाही, तिच्यावर दुसऱ्याचं नाव चिकटवण्याचा आहे. तुम्ही अंबाडी म्हणून अंबाडी चाखली असती तर डोळे मिटले असते, पण तक्रार केली नसती.

आणि एक गोष्ट चाखून बघाच. गवती चहाला लिंबाचा वास आहे, पण आंबटपणा अजिबात नाही. अंबाडीला भरपूर आंबटपणा आहे, पण स्वतःचा वास जवळजवळ नाही. दोन्ही एकत्र केले की एकमेकांची उणीव भरून निघते. मोठ्या कपाला अंबाडीच्या सुक्या फुलांच्या तीन-चार पाकळ्या पुरतात, जास्त झाल्या तर पातीचा वास दबतो. थोडा गूळ. याला ना फ्लेवर लागतो ना परदेशी फळाचं चित्र. दूध मात्र चुकूनही घालू नका, फाटतं.

आलं_ठेचून, कळवा

मला मूळ परीक्षाच चुकीची वाटते. गवती चहा दुधाशिवाय प्यायचा म्हणजे त्याला अर्धाच ओळखायचं. आपल्या घरांत ही पात पिढ्यान्‌पिढ्या दुधाच्या चहातच पडत आलीय. पाणी, ठेचलेलं आलं, पातीची गाठ, साखर, खळखळून उकळी, मग पावडर, मग दूध. जुलैत तलावपाळीवर भिजून घरी यावं आणि हा चहा हातात यावा. परदेशी प्रमाणाने ग्रॅम मोजून याची चव कशी ठरवणार? पावडरीचा कडकपणा, दुधाचा साय-गोडवा आणि पातीचा वास, हे तिघं मिळून ती चव होते.

पानं_मुळं, नेरूळ

आलं_ठेचून दादा, चहा तुमच्या हातचा आवडीने पिईन, पण दुधाबद्दल थोडं सांगते.

गवती चहाचा लिंबासारखा वास मुख्यतः सिट्रल या द्रव्यामुळे येतो. ते तेलात विरघळणारं आहे. दुधातल्या स्निग्धांशात ते धरलं जातं, त्यामुळे कपावरून हवेत कमी उडतं. म्हणून दुधाच्या चहात पात जास्त लागते आणि वास मऊ होतो. बिनदुधाच्या कपात तोच वास लख्ख येतो. चांगलं-वाईट ज्याचं त्याने ठरवावं, पण पातीची स्वतःची चव कळायला बिनदुधाचा कपच बरोबर, यात मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे.

सिट्रल वाफेबरोबर उडून जातं, हे त्याहून महत्त्वाचं. उघड्या पातेल्यात दहा मिनिटं खळखळवलं की वास स्वयंपाकघरभर पसरतो आणि कपात कमी उरतो. खालचा पांढरट दांडा जाड असतो, तो ठेचून आधी उकळावा. वरची पात कात्रीने कापून गॅस बंद करताना टाकावी आणि पाच मिनिटं झाकण ठेवावं. दुधाच्या चहातही हे करून पाहा, फरक पहिल्या घोटात कळेल. सुक्या पिशवीला गवताचा वास येतो तोही याचमुळे: वाळवताना, साठवताना हेच द्रव्य आधी जातं.

रोपवाटिकेतून रोप आणणाऱ्यांनी एक काळजी घ्या. सिट्रोनेला नावाचं याच कुळातलं गवत दिसायला जवळजवळ सारखं असतं. डास पळवणारं तेल त्याचं काढतात. त्याच्या दांड्याचा बुंधा लालसर असतो आणि वास उग्र, उदबत्तीच्या अंगाने जाणारा. ते चहात घालायचं नाही.

मसाला_गल्ली, तुर्भे

मी एपीएमसीच्या मसाला बाजाराशी संबंधित व्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. चहाला वास लावणं ही फसवणूक नाही, ती फार जुनी कारागिरी आहे. चीनमध्ये चहाच्या पानांत मोगऱ्याच्या जातीच्या कळ्या मिसळून रात्रभर ठेवतात. कळ्या उमलतात, पानं वास शोषून घेतात, मग फुलं काढून टाकतात. चांगल्या मालाला हे पुन्हा पुन्हा करतात. अर्ल ग्रे म्हणजे काळा चहा आणि बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचं तेल. जगभर लोक तो आवडीने पितात, त्यात बर्गमॉटची फोड नसते म्हणून कोणी रागावत नाही.

पीच किंवा स्ट्रॉबेरी वाळवली की तिचा वास बहुतेक उडतो. सुके तुकडे कितीही घाला, उकळत्या पाण्यात सहा मिनिटांत ताज्या फळाची चव उतरत नाही. ती हवी असेल तर वास वेगळा द्यावाच लागतो. चांगला दिलेला आणि वाईट दिलेला यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. अननसाला गोळीचा वास आला हे तुमचं निरीक्षण बरोबर असेल, पण त्यावरून सगळ्या वर्गाला नापास करू नका.

पाचपाखाडी

मोगऱ्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं मला वाटतं. तिथे फूल पानाला प्रत्यक्ष भेटतं, आणि खाली चहाची स्वतःची भक्कम चव असते. अर्ल ग्रेमध्येही तेच. वासाला उभं राहायला जमीन आहे. फळांच्या बिनचहाच्या मिश्रणात ती जमीन अंबाडीची असते आणि वास पीचचा, त्या दोघांचं जुळत नाही. माझी तक्रार वास लावण्याबद्दल नाही, या न जुळण्याबद्दल आहे.

वऱ्हाडी_खारघर ताई, अंबाडी आणि पातीचा मेळ मात्र पटला. अंबाडीवर माझा राग नाहीच, तिचं नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ढकलण्यावर आहे.

घोडबंदर_टँकर

पाण्याबद्दल कोणीच बोलत नाहीये. आमच्या संकुलात उन्हाळ्यात टँकर येतात, बऱ्याचदा बोअरचं पाणी असतं. त्यात काळा चहा केला की वर चमकदार तवंग धरतो आणि चव बोथट होते. जड पाण्यातले क्षार चहातल्या द्रव्यांना धरतात, त्याचा तो थर. लिंबाचे दोन थेंब टाकले की तवंग जातो. अंबाडीच्या कपात तो दिसतच नाही, ती मुळात आंबट. नेरूळला बहिणीकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, तिथे तीच पावडर वेगळी लागते. ठाण्यात पाचपाखाडीला चाखलेलं आणि आमच्याकडे चाखलेलं सारखं येणार नाही. तुलना करताना पाणी कुठलं ते लिहा, नाहीतर आपण पाण्यावरूनच भांडत राहू.

बीपीची_गोळी, वाशी

चवीच्या वादात पडत नाही, पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. बऱ्याच ‘हर्बल’ मिश्रणांत गोडीसाठी जेष्ठमध असतं, गवती चहाच्या तयार मिश्रणांतही. ते रोज, भरपूर घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. अंबाडी उलट रक्तदाब थोडा उतरवते. ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी रोजचा मोठा कप सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. हे नैसर्गिक आहे म्हणून कितीही चालतं, असं घरातल्या ज्येष्ठांना कृपया सांगू नका.

आणि त्या चकचकीत त्रिकोणी जाळीच्या पिशव्या. मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्लॅस्टिकच्या जाळीच्या पिशव्या 95 अंशांच्या पाण्यात ठेवल्या, तेव्हा एका पिशवीतून सूक्ष्म प्लॅस्टिकचे अब्जावधी कण सुटलेले आढळले. मोजण्याच्या पद्धतीवर नंतर आक्षेप आले, तरी सुटा माल आणि स्टीलची गाळणी घरात असताना ती पिशवी हवीच कशाला?

रात्रपाळी, ऐरोली

सुटा माल घेईन, हे पटलं. मसाला_गल्ली, तुर्भ्याला किरकोळीत सुकी अंबाडी मिळते का ते सांगा.

पाचपाखाडी, तुमची ‘जमीन’ची कल्पना छान आहे, पण पीच आणि अंबाडी जुळत नाहीत म्हणून बेरी आणि अंबाडी जुळत नाहीत असं होत नाही. बेरी मुळात आंबटच असतात, तिथे अंबाडी अगदी योग्य जागी बसते. तुम्ही पीच, अननस आणि बेरी एकाच पारड्यात टाकलेत. पुढच्या वेळी बेरी गार करून, दोन्ही बाजूंना सारखी साखर घालून, घोडबंदरचं आणि नेरूळचं अशी दोन्ही पाणी वापरून चाखा. गवती चहालाही तीच साखर द्या. डोळे बांधून, कारण त्या लाल रंगाने मन आधीच आंबट होतं. तरीही गवती चहा वर आला तर मी इथे येऊन तसं लिहीन, पण रात्री तीनला मात्र बेरीच पिईन.

आलं_ठेचून, कळवा

पानं_मुळं ताई, दांडा आधी आणि पात शेवटी, झाकण ठेवून, तसा आज करून पाहिला. दुधातही वास जास्त राहिला, हे खरं. पण दूध सोडणार नाही. रोज नुसत्या कपावर संध्याकाळ काढायला मी तयार नाही, आणि तुमच्या परीक्षेत दुधाच्या चहाला जागा नसेल तर ती परीक्षा ठाण्यातल्या निम्म्या स्वयंपाकघरांची नाही.