मदत हवी आहे: ११ किमीच्या लाइनवर १:१६ स्प्लिटर झेपेल का?

नमस्कार मंडळी. जुन्नरच्या डोंगराळ पट्ट्यात आम्ही दोघं भाऊ इंटरनेट चालवतो. ओएलटीपासून (आमच्याकडचं मुख्य यंत्र, जिथून फायबर निघते) फाट्यापर्यंत ८ किमी, तिथे १:४ स्प्लिटर (एका फायबरचा सिग्नल चार वाटांत वाटणारा). पुढे वाडी ३ किमी, तिथे १:८. आठही घरं भरली, आणखी पाच जण मागे लागलेत. म्हणून १:८ काढून १:१६ बसवायचा विचार आहे.

लॉसचा, म्हणजे वाटेत किती सिग्नल घटतो त्याचा हिशेब डीबीमध्ये असा: फायबर ११ किमी × ०.३५ = ३.८५ (घराकडून येणारा सिग्नल १३१० नॅनोमीटरचा, त्याला लॉस जास्त, म्हणून तोच धरला). १:४ चे ७.२, १:१६ चे १३.८, आठ जॉइंटचे ०.८, चार कनेक्टरचे २. बेरीज २७.६५ डीबी. ओएलटीतलं एसएफपी (सिग्नल सोडणारं-घेणारं मॉड्यूल) बी प्लस दर्जाचं, म्हणजे जास्तीत जास्त २८ डीबी लॉस चालतो, तेच बजेट. कागदावर बसतंय, पण मन धजत नाही.

आणखी एक. ओएलटीतून सिग्नल +३ डीबीएम निघतो, सात घरांत -२० च्या आसपास मिळतं. आठव्या घरात मात्र -२५.५!

प्रतिसाद १: २८ मधून उरलेल्या ०.३५ ला मार्जिन म्हणू नका हो. मी ३ डीबीच्या खाली उतरत नाही. जेसीबीने एकदा केबल तोडली की मध्ये तुकडा टाकावा लागतो, दोन जॉइंट वाढतात. शिवाय कनेक्टरवरची धूळ. वाडीची केबल किती कोरची (आत किती फायबर)? १:४ चा एखादा पाय, म्हणजे बाहेर जाणारी वाट, मोकळा आहे का?

धागाकर्ता: ४ कोर, एकच वापरात. एक पाय मोकळा आहे.

प्रतिसाद १: मग १:१६ कशाला? मोकळ्या पायावरून दुसरी कोर वाडीत न्या, तिथे दुसरा १:८ लावा. लॉस आजच्याइतकाच, २४.३५. घरं सोळा होतात आणि ३.६५ हातात राहतात. सी प्लस एसएफपीने बजेट ३२ होईल, पण उगाच खर्च.

प्रतिसाद २: शेजारची सात घरं ठीक, म्हणजे दोष स्प्लिटरच्या पुढेच. ओटीडीआर (फायबरमधला दोष शोधणारं यंत्र) राहू द्या, आधी कनेक्टरचे रंग बघा. हिरव्याचं तोंड ८ अंश तिरकं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही एकमेकांत घातले की मध्ये फट राहते आणि काही डीबी तिथेच जातात. रंग जुळत असतील तर वायर कुठे मुडपलीय का पाहा.

धागाकर्ता: निळीच निघाली! भिंतीवरचा डबा हिरवा आणि कुणीतरी निळी पॅचकॉर्ड खुपसलेली. बदलली, आता -२०.६. दुसऱ्या कोरसाठी फाट्यावरचं क्लोजर (जॉइंटचा डबा) गुरुवारी उघडतोय. त्या खांबावर मोहोळ आहे, तेवढं आधी बघावं लागेल.