४.७६ रुपयांचा डॉलर : तो भाव खरा होता का?

उद्यमनगरकर
पंधरा ऑगस्ट जवळ आला की तो मेसेज फिरायला लागतोच. '१९४७ ला एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, बघा कुठं नेऊन ठेवला.' साफ खोटं. तेव्हा रुपया पौंडाला बांधलेला होता, रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०, म्हणजे पौंड १३.३३ रुपयांना. आणि पौंड होता ४.०३ डॉलरचा. करा भागाकार. डॉलर ३.३० च्या आसपास येतो. सप्टेंबर १९४९ ला इंग्लंडनं पौंड २.८० डॉलरवर आणला, आपण त्याच्याबरोबर उतरलो आणि डॉलर ४.७६ झाला. तिथंच तो जून १९६६ पर्यंत.

माझा मुद्दा यापुढचा. ४.७६ हा बाजाराचा भाव नव्हताच, रेशनच्या साखरेचा भाव होता. पाटीवर स्वस्त, पण कार्ड असेल तर आणि माल आला असेल तर. मशिन मागवायला लायसन, डॉलर घ्यायला परवानगी. त्या जोरावर 'तेव्हा रुपया ताकदवान होता' म्हणणं आता बंद करूया.

गुजरीतला
सही. त्या भावाची किंमत कुणी मोजली ते आमच्या सोनारगल्लीला विचारा. सरकारी भावानं बाहेर सोनं स्वस्त, इथं महाग, मग चोरटा माल येणारच. तो थांबवायला आणि परकी चलन वाचवायला जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आणलं, मोरारजीभाई अर्थमंत्री असताना. नवा दागिना १४ कॅरेटच्या वर घडवायचा नाही! चोवीसात चौदा, म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी मिसळ. असलं सोनं कडक. कोल्हापुरी साजाची बारीक पानं त्यात काढून दाखवा म्हणावं. कित्येक सोनारांचा धंदा बसला. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं.

पंचगंगाकाठ
मेसेज खोटा, मान्य. पण 'रेशनचा भाव' म्हणून तुम्ही पुढचं सगळंच धुऊन काढताय. मार्च १९९३ पासून तर भाव बाजाराचाच आहे ना? तेव्हा डॉलर ३१ च्या घरात होता, डिसेंबर २०२४ मध्ये ८५ च्या वर गेला. हा कुठल्या रेशनचा? माझी मुलगी अमेरिकेत शिकते. कर्ज मंजूर झालं रुपयात, फी भरायची डॉलरमध्ये. दुसऱ्या वर्षाच्या फीला मंजूर रक्कम पुरेना, मग घरची एफडी मोडली. ग्रुपवरचे आकडे तपासणं सोपं आहे हो.

उद्यमनगरकर
काका, फीचं दुखणं खरं आहे. पण आपल्याकडची महागाई तिकडच्यापेक्षा दरसाल नुसती तीन टक्के जास्त धरा. तीस वर्षांत ३१ चे ७५ तेवढ्यानंच होतात. डॉलर ३१ लाच धरून ठेवला असता तर आपला माल बाहेर कुणी घेतला नसता. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली निम्मी शेडं बंद पडली असती.

शिरोली_शिफ्ट_बी
भावा, हे 'रुपया पडला की एक्स्पोर्टवाल्याला पेढे' लई ऐकलंय. बाहेरचं गिऱ्हाईक खुळं आहे काय? रुपया दोनानं उतरला की आठवड्यात मेल येतो : तुमचं चलन घसरलंय, कास्टिंगचा, ओतीव मालाचा दर कमी करा. भट्टीचा कोक बाहेरनं, फेरो अलॉय नि स्क्रॅपचा भाव डॉलरकडं बघून. वर्षाच्या सुरुवातीला फॉरवर्ड करून डॉलर ठरल्या भावानं आधीच विकून बसलेल्याला तर वाढीचा रुपयाही मिळत नाही, कोकचं बिल तेवढं वाढतं. चार पैसे सुटतात, नाही असं नाही. पण ते मालकाला. मोल्डिंगच्या पोराच्या पाकिटात त्यातलं काय येतं?

पेन्शनर_बँकवाला
१९६६ कुणी नीट बघतच नाही. ६ जूनला डॉलर ४.७६ चा ७.५० झाला. अर्थमंत्री शचींद्र चौधरी. मागे १९६५ चं युद्ध आणि दुष्काळ. अवमूल्यन फसलं असं सगळे म्हणतात. पण त्याच दिवशी निर्यातीच्या सवलती काढल्या आणि ताग, चहा अशा मालावर निर्यात कर बसवला, म्हणजे एका हातानं दिलं ते दुसऱ्यानं बरंचसं काढून घेतलं. उद्यमनगरकरांना मात्र एक विचारतो. आखातात १९५९ पासून रिझर्व्ह बँकेच्या खास वेगळ्या नोटा चालत होत्या. कुवेत १९६१ ला बाहेर पडला, बहारीन १९६५ ला. १९६६ च्या दणक्यानंतर कतार आणि दुबईकडच्यांनीही आपलं चलन सोडलं. भाव कागदीच असता तर त्यांना एवढं काय लागलं?

उद्यमनगरकर
लागणारच. त्यांच्या हातातल्या नोटा रातोरात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरल्या. म्हणून तर म्हणतो, सतरा वर्षं खोटा भाव दाबून धरला की असा एकदम फुटतो. रोज चार पैशांनी हलला असता तर एवढा बोभाटा झाला नसता. १९९१ लाही तेच. तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं चलन, सोनं गहाण, आणि १ व ३ जुलैला दोन हप्त्यांत डॉलर २१ वरून २६ च्या जवळ.

पंचगंगाकाठ
शाहू महाराजांच्या गावात बसून एक आठवण करून देतो. महाराजांनी ज्यांच्या लंडनच्या शिक्षणाला हातभार लावला, त्या बाबासाहेबांचा तिथला प्रबंध रुपयावरच होता, १९२३ चा. पुढं भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग कमिशनपुढं वाद होता रुपया १ शिलिंग ६ पेन्सचा ठेवायचा की १ शिलिंग ४ पेन्सचा. व्यापारी मंडळींना १ शिलिंग ४ पेन्सचा, म्हणजे स्वस्त रुपया हवा होता. बाबासाहेबांनी सांगितलं, रुपया उतरला की फायदा धंदेवाल्याचा, आणि तो जातो मजुरी करणाऱ्याच्या खिशातून. शिरोलीवाल्या भावानं तेच सांगितलं.

उद्यमनगरकर
अर्धंच सांगितलंत. देशातली रुपयाची खरेदीशक्ती स्थिर ठेवा, त्याशिवाय रुपया स्थिर होणार नाही, हेही त्यांचंच म्हणणं. मूळ महागाईत आहे, डॉलरच्या पाटीवर नाही.

पंचगंगाकाठ
मग ती महागाई मजुरीत भरून देता का? तुमच्या शेडमध्ये यंदा वाढ किती दिली?

उद्यमनगरकर
तो विषय वेगळा आहे, काका.

शिरोली_शिफ्ट_बी
व्हय, वेगळाच असतोय तो दरवर्षी.